धांदरटपणा नव्हे, दुसरेच काही

विसराळू आणि चंचल माणसांसाठी आपल्या मराठी भाषेने इतके शब्द घडविले आहेत की, तिला त्यांचे मोठे कौतुक असावे अशी शंका कोणालाही यावी. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, उतावळा, आरंभशूर. कोणाच्या पायाला भिंगरी असते, कोणाचे चित्त थाऱ्यावर नसते, कोणी एक ना धड भाराभर चिंध्या करून ठेवतो, तर कोणी काखेत कळसा असताना गावाला वळसा घालून येतो. नीट पाहिले तर मात्र ह्या शब्दसंपत्तीत कौतुक फारसे नाही. ह्यांतील प्रत्येक शब्द हा एक निकाल आहे. ह्या माणसाने मनावर घेतले असते तर तो असा वागला नसता, हे त्या प्रत्येक निकालात आधीच गृहीत धरलेले असते.

ह्या गृहीतालाच गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने धक्का दिला आहे. अशी वागणूक लहानपणापासून सतत दिसत असेल, घरी आणि कामाच्या जागी दोन्हीकडे दिसत असेल आणि तिच्यामुळे माणसाचे खरोखरीच नुकसान होत असेल, तर तिच्यामागे मेंदूच्या वाढीतील एक वेगळेपण असू शकते. परिभाषेत त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले ‘एडीएचडी’ हे नाव आता मराठी घरांतूनही ऐकू येऊ लागले आहे. हा विकार मुलांचा, आणि त्यातही खोडकर मुलग्यांचा, अशी समजूत अजून आढळते. ती अपुरी आहे. जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित विचार करता, प्रौढांपैकी शेकडा अडीच ते तीन जणांत तो लहानपणापासून टिकून राहिलेला दिसतो. म्हणजे दोनशे पानांच्या लग्नाच्या पंगतीतून असे पाचसहा जण जेवून उठत असतील, आणि त्यांतील बहुतेकांना ह्या गोष्टीची वार्ताही नसेल.

हे नवे खूळ नव्हे

मोबाइल आले आणि हा आजार आला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती तशी नाही. वायकार्ड ह्या जर्मन वैद्याने १७७५ साली आणि अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली अवधान टिकवू न शकणाऱ्या माणसांची वर्णने ग्रंथांत नमूद करून ठेवली आहेत. त्या काळी वीजसुद्धा घरांत आलेली नव्हती. १९०२ साली लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. त्यांनी हेरलेली लक्षणे बरीचशी आजच्याशी जुळतात. परंतु त्यांना त्यांनी नाव दिले ते मात्र नैतिक नियंत्रणातील उणिवेचे. वैद्यकाचा पहिला शब्दसुद्धा निकालाचाच होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली ह्या डॉक्टरांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखीचे काय झाले ते बाजूलाच राहिले. पण अनेक मुले शांत बसून अभ्यास करू लागली. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन ह्या रसायनज्ञाने मेथिलफेनिडेट हे औषध तयार केले. त्याच्या पत्नीचे लाडके नाव रीटा. त्यावरून औषधाचे नाव रिटालिन पडले. आजही ह्या विकारावरील प्रमुख औषधांत त्याची गणना होते.

मुले मोठी झाली की हा त्रास आपोआप सरतो, असे त्यानंतरही दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेतील यूटा येथील पॉल वेंडर ह्यांनी १९७६ साली प्रौढांवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ह्या समजुतीला तडा गेला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीने अवधानाला नावात स्थान दिले, १९८७ साली आजचे नाव रूढ झाले आणि २०१३ सालच्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष जरा सैल करण्यात आले. ह्याचा सरळ अर्थ असा की, आज साठीत असलेली आपली पिढी शाळेत होती तेव्हा तिच्या शिक्षकांना वा आईवडिलांना ही गोष्ट ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

आपल्या देशातही हा विषय आता उघडपणे बोलला जाऊ लागला आहे. मल्याळी चित्रपटांतील नामवंत नट फहाद फासिल ह्यांनी २०२४ साली केरळमधील एका समारंभात, वयाच्या ४१व्या वर्षी आपल्याला हा विकार असल्याचे निदान झाल्याचे जाहीरपणे सांगितले. एवढे यश पदरी असलेल्या माणसाला ते सांगावेसे वाटले, ह्यातच बरेच काही आले.

अवधान असते, पण हुकमी नसते

‘अवधान-न्यूनता’ ह्या नावाने एक गैरसमज होतो. अशा माणसाजवळ अवधान कमी असते असे नाही. ते त्याच्या हुकमात नसते. आवडीचे यंत्र उघडून बसला तर तो सहा तास जेवणसुद्धा विसरेल. पण दहा मिनिटांचा प्रवासभत्त्याचा अर्ज दोन महिने तसाच पडून राहील. पाहणाऱ्याला वाटते, आवडीचे तेवढे बरे जमते! पण गोम येथेच आहे. सामान्य माणसाचा मेंदू ‘हे महत्त्वाचे आहे’ एवढ्या जाणिवेवर कामाला लागतो. ह्याच्या मेंदूला त्यासाठी आवड, नवलाई किंवा अगदी गळ्याशी आलेली निकड लागते. म्हणून रात्रभर जागून बिघडलेली वीजवाहिनी दुरुस्त करण्यात जो सर्वांच्या पुढे, तोच रोजच्या नोंदवहीत मात्र सर्वांच्या मागे राहतो.

ह्यामागील शरीरव्यापाराची काही कल्पना आता आलेली आहे. कपाळामागील मेंदूचा भाग नियोजन करणे, वाट पाहणे, मनाला आवरणे ही कामे पाहतो. त्या भागाला डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ह्या रासायनिक दूतांची जरूर असते, आणि त्यांचे कार्य ह्या विकारात नेहमीप्रमाणे चालत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेण्यात आली. अशा मुलांच्या मेंदूचे बाह्यावरण परिपक्व होण्यास इतरांपेक्षा सरासरी सुमारे तीन वर्षे अधिक लागतात, असे तीत दिसले. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांवरून हेही स्पष्ट झाले आहे की, माणसामाणसांतील ह्या बाबतीतल्या फरकाचा शेकडा सत्तरच्या वर भाग आनुवंशिक असतो. तेव्हा आईने लाड केले म्हणून किंवा वडिलांनी धाक ठेवला नाही म्हणून हे होत नाही. ‘अगदी बापावर गेला आहे’ हे आजीचे वाक्य पुष्कळदा शास्त्राला धरूनच असते.

प्रौढपणी ह्या विकाराचे रूप बदलते. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा चाळिशीत उड्या मारीत नाही. त्याची धावपळ आता आत चाललेली असते. सभेत बसवत नाही, दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देववत नाही, रांगेत उभे राहणे शिक्षा वाटते. राग पटकन येतो आणि पटकन जातो, पण ऐकणाऱ्याच्या मनातून तो तसा जात नाही. वेळेचा अंदाज चुकतो; अशा माणसाच्या पंचांगात ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच मुहूर्त असतात. विमा भरावयाचा राहतो, दंड पडतो, नोकऱ्या बदलत जातात. वाहन चालविताना अपघातांचे प्रमाणही अशा लोकांत अधिक आढळते. ह्या साऱ्यांवर कळस म्हणजे मनात साठत गेलेली लाज. वर्षानुवर्षे ‘तुला साधे एवढे जमत नाही?’ हे ऐकत आलेला माणूस शेवटी तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारू लागतो. खिन्नता, चिंता आणि कधीकधी व्यसन हे त्याचे पुढचे टप्पे ठरतात.

स्त्रियांच्या वाट्याला हे जरा निराळ्या तऱ्हेने येते. मुलींत चंचलतेपेक्षा अवधान हरवणे अधिक दिसते. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. लग्नानंतर मात्र सारे घर तिच्या स्मरणशक्तीवर चालावे अशी अपेक्षा असते. दूध उतू जाते, भिजवलेले कपडे बादलीतच राहतात, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस विसरतो. पुरुषाचा विसराळूपणा घरात थट्टेवारी नेला जातो. स्त्रीचा मात्र ‘वळण नाही’ म्हणून तिच्या माहेरापर्यंत पोहोचविला जातो. ती बिचारी चारपट मेहनत करून सारे झाकीत राहते आणि थकून जाते. तिच्या थकव्यावर उपचार होतात, पण मूळ कारण तसेच राहते.

आधार निसटला की उघडे पडते

मग हे पस्तिशी-चाळिशीपर्यंत कळत का नाही? ह्याचे उत्तर बरेचसे आपल्या घरांच्या रचनेत आहे, असे आम्हांस वाटते. होळकरांच्या, शिंद्यांच्या आणि गायकवाडांच्या राज्यांत चाकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत टापटीप आणि वक्तशीरपणा हा अब्रूचा भाग मानला गेला. परमुलखात मराठी माणसाची तीच ओळख होती. वाड्यात पाच बिऱ्हाडे आणि तीन पिढ्या नांदत असत. पहाटे कोणीतरी उठवीत असे, जेवणाची वेळ ठरलेली असे, अभ्यासाला सारी मुले एका दिव्याभोवती बसत, फीचे पैसे आजोबा आठवणीने काढून देत. ज्याच्या डोक्यात घड्याळ नव्हते त्याचे घड्याळ घर होऊन राहत असे. हुशार मुलगा अशा आधारावर पदवीपर्यंत सहज निभावून जाई.

आता तोच मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला एकट्याने राहतो. उठविणारे कोणी नाही, वीजबिल त्याने भरावयाचे, दिवसभराचे काम त्याने स्वतः आखावयाचे. कोणाच्या बाबतीत हे वसतिगृहात उघडे पडते, कोणाच्या बाबतीत बढती मिळाल्यावर, तर कोणाच्या बाबतीत पहिले मूल झाल्यावर. आधार काढून घेतला गेला आणि भिंत खचली. भिंत कालपर्यंत भक्कम होती असा मात्र सर्वांचा समज असतो. पुष्कळ आईबापांना तर आपले निदान मुलाच्या निमित्ताने होते. डॉक्टर मुलाविषयी प्रश्न विचारीत असतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला बाप मनातल्या मनात स्वतःचीच उत्तरे देत असतो.

निदान कसे होते

येथे सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक विसराळू माणसाला हा विकार नसतो. झोप अपुरी असेल, थायरॉइडची ग्रंथी मंदावली असेल, रक्त कमी असेल, मन खिन्न असेल, तरी चित्त थाऱ्यावर राहत नाही. ऋतुनिवृत्तीच्या काळातही स्त्रियांना असा अनुभव येतो. साठीनंतर नव्यानेच विसर पडू लागला असेल तर तो एडीएचडी नव्हे. त्यासाठी वेगळी आणि तातडीची तपासणी हवी. मोबाइलवरील मिनिटाभराच्या चित्रफिती पाहून स्वतःचे निदान करून टाकण्याची जी लाट आली आहे, तिच्यापासून आपल्या तरुणांनी जरा दूर राहावे.

ह्या विकारासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूच्या छायाचित्रावरूनही तो ठरविता येत नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेतात. अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ अशी लक्षणे प्रचलित निकषांत दिलेली आहेत. वयाच्या सतराव्या वर्षापासून पुढे त्यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असावी लागतात. ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी जीवनात बाध आणलेला असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तयार झालेली सहा प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरली जाते. पण ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. जोडीदाराला किंवा वडील भावंडाला बरोबर नेले तर डॉक्टरांचे काम सोपे होते, कारण ज्याला विसर पडतो त्याला आपण काय काय विसरलो हेही आठवत नाही.

कोणाकडे जावे हेच सुचत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आपल्याकडे ‘मानसिक’ हा शब्द ऐकताच दार लावून घेण्याची जी रीत आहे, ती आता सोडून द्यावयास हवी.

औषध आणि घरची व्यवस्था

मेथिलफेनिडेट हे औषध वर सांगितलेल्या दोन्ही रासायनिक दूतांना मेंदूत अधिक काळ कार्यरत ठेवते. साध्या गोळीचा परिणाम तासाभरात जाणवू लागतो आणि सुमारे चार तास टिकतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, नाडी व रक्तदाब थोडा वाढणे हे त्याचे अवगुण. म्हणून हृदयाची चौकशी आधी केली जाते. कायद्याने हे नियंत्रित औषध आहे, तेव्हा ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे आणि दुसऱ्याला कधीही द्यावयाचे नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे. त्याचा गुण यावयास काही आठवडे लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात, औषध चालू असलेल्या काळात ह्या विकाराच्या पुरुषांचे गंभीर वाहन-अपघात बरेच कमी झाल्याचे दिसले. औषध म्हणजे चष्म्यासारखे आहे: दिसू लागते, पण वाचावे मात्र आपले आपणच लागते.

वाचावयाचे कसे, हे घराने मिळून ठरवावे. मूळ तत्त्व एकच: जे डोक्यात राहत नाही ते डोळ्यांपुढे ठेवावे. मराठी घरातील भिंतीवरची दिनदर्शिका ह्या कामी अजून अजोड आहे. बिलाची तारीख, डॉक्टरांची वेळ, लग्नाचे आमंत्रण, सारे तिच्यावरच लिहावे आणि दुसरी वही करू नये. किल्ल्यांना दाराजवळ एकच खिळा असावा. वीज, विमा आणि हप्ते बँकेतून आपोआप जातील अशी सोय करावी. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा गजर लावावा. मोठे काम असेल तर त्याचा पहिला तुकडा दहा मिनिटांत संपेल इतका लहान करावा. आणि कंटाळवाणे काम असेल तेव्हा शेजारी कोणीतरी आपले काम घेऊन नुसते बसावे. एका दिव्याभोवती अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना जे साधत होते, तेच ह्यातून साधते. नियमित झोप आणि रोजचा व्यायाम ह्यांनीही अवधानाला खरा हातभार लागतो. सवयी आणि विचार बदलण्यास शिकविणाऱ्या मानसोपचारांचा प्रौढांना उपयोग होतो, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न जोडीदाराचा आहे. वर्षानुवर्षे दोघांचे आठवून ठेवणारी पत्नी किंवा पती ह्या निदानाने एकदम सुखावत नाही. ‘म्हणजे आता ह्याला कोणी काही बोलावयाचे नाही काय?’ असा प्रश्न मनात येतो आणि तो योग्यच आहे. निदान म्हणजे माफीपत्र नव्हे. ज्याला विकार आहे त्याने व्यवस्था पाळण्याची जबाबदारी घ्यावयाची, आणि दुसऱ्याने हेतूवर शंका घेणे थांबवावयाचे, असा हा दुहेरी करार आहे. कामे परंपरेने न वाटता स्वभावाने वाटावी. ज्याला तारखा सांभाळता येत नाहीत त्याने बाजारहाट करावी, पाहुण्यांची सरबराई करावी, पोरांना सायकल शिकवावी. तारखांचे काम दुसऱ्याने करावे. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेले काम सांगितले गेलेच नाही असे दोघांनी मानावे. समोर येऊन, डोळ्यांत पाहून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. एवढ्या एका नियमानेही रोजच्या भांडणांतील पुष्कळशी भांडणे उरणार नाहीत.

आपल्या घरांतून एक लोखंडी ट्रंक बहुधा असतेच, आणि तिच्या तळाशी जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवलेली असतात. प्रौढांचे निदान करताना बालपणाचा पुरावा म्हणून डॉक्टर हल्ली तीच मागून घेतात. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘मनात आणले तर पुष्कळ करील’, ‘वर्गात फार बोलतो’ असे शेरे तांबड्या शाईत इयत्तेमागून इयत्ता उतरलेले असतात. ते लिहिणाऱ्या गुरुजींनी पाहिले होते ते बरोबरच पाहिले होते. त्याचा अर्थ लावण्याचे साधन तेवढे त्या काळी त्यांच्या हाती नव्हते. ज्याच्या घरी असे पुस्तक असेल त्याने ते एकदा बाहेर काढून, ओरडा खाण्याची धास्ती बाजूला ठेवून, पुन्हा वाचून पाहावे.